मूल बघून शिकतं की ऐकून?

‘आमचा बघून शिकतो हो, ऐकलेलं त्याच्या डोक्यात जात नाही.’ पालकसभेत हे वाक्य हमखास कानावर येतं. बाईही मान डोलावतात.

दृश्य, श्राव्य वगैरे वाटणी बरीच जुनी. पण तिला प्रश्नावलीचं सुटसुटीत रूप मिळालं ते न्यूझीलंडच्या नील फ्लेमिंग यांच्यामुळे. शाळातपासनीस असताना त्यांनी असंख्य तास पाहिले होते. १९९२ मध्ये कॉलीन मिल्स यांच्यासोबत त्यांनी बघणं, ऐकणं, वाचणं-लिहिणं आणि करून पाहणं अशा चार आवडी मांडल्या.

२००८ मध्ये हॅरॉल्ड पॅशलर आणि आणखी तीन मानसशास्त्रज्ञांनी यावरचं संशोधन तपासलं. ‘श्राव्य’ मुलांना ऐकवून आणि ‘दृश्य’ मुलांना दाखवून शिकवलं, तर त्यांना खरंच जास्त येतं का? तसा भक्कम पुरावा काही त्यांना सापडला नाही. आवडी असतात, त्या मुलं सांगतातही. पण आवडीचं ते पचतंच असं नाही. हे जेवणाच्या ताटावर कुठल्याही आईला ठाऊक असतं.

कसं शिकवायचं हे बऱ्याचदा धडाच ठरवतो. एक तृतीयांश मोठा की एक चतुर्थांश? चार हा तीनपेक्षा मोठा, म्हणून पोरं बेधडक ‘चतुर्थांश’ म्हणतात. दोन सारख्या भाकऱ्या घेऊन एकीचे तीन आणि दुसरीचे चार वाटे केले की सगळ्या वर्गाचे डोळे उघडतात, ‘श्राव्य’ मुलांचेसुद्धा. उलट एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांतला घोळ सुटायला कानच तयार व्हावा लागतो, आणि तोही सगळ्यांचा. महाराष्ट्राचा नकाशा मात्र कुणी नुसता ऐकवून शिकवून दाखवावा!

मग मुलामुलांत फरक नसतो का? असतो, चांगलाच असतो. पण तो आधी काय येतं, यात जास्त असतो. मुलाला काय येतं ते आधी शोधा आणि तिथून पुढे शिकवा, हे मानसशास्त्रज्ञ डेव्हिड ऑसुबेल यांनी १९६८ मध्येच सांगून ठेवलंय.

आठवडी बाजारात आईच्या पाटीशेजारी बसणारी एखादी पोर घ्या. साठ रुपये किलोची गवार पाव किलो घेतली तर पंधरा रुपये, हे ती पिशवी भरता भरता सांगते आणि शाळेत फळ्यावरच्या १/४ पाशी अडते. तिला ‘कृतीतून शिकणारी’ अशी चिठ्ठी चिकटवून नुसती वजनं-मापं खेळायला दिली, तर फळा तिच्यापासून लांबच राहील. त्यापेक्षा पाव किलोचं वजन तिच्या एका हातात द्यावं, दुसऱ्या हातात खडू, आणि ‘हे लिहायचं कसं?’ म्हणून तिलाच विचारावं.