संस्कृतात लिहिलेली सल्तनत

श्रीनगरला जाणारा मराठी पर्यटक दल सरोवरात शिकाऱ्यात बसतो, शालिमार-निशात बघतो, गुलमर्गला जाऊन बर्फात लोळतो आणि शाल-अक्रोड घेऊन परततो. जुन्या शहरातून वाहणाऱ्या झेलमवरचे पूल त्याच्या यादीत क्वचितच असतात. काश्मिरीत पुलाला कदल म्हणतात. आली कदल अली शाहच्या नावाचा, झैना कदल झैनुल आबिदीनच्या, फतेह कदल फतह शाहच्या आणि हब्बा कदल हबीब शाहच्या नावाचा. चौघेही शाहमीर घराण्यातले सुलतान. या घराण्याने १३३९ ते १५६१ अशी सव्वादोनशे वर्षं काश्मीरवर राज्य केलं. मुघल बागा लावायला आले ते त्यानंतर पंचवीस वर्षांनी. आपल्या शाळेच्या पुस्तकात मात्र ललितादित्यानंतर उडी थेट अकबरावर.

या सल्तनतीची सर्वात जुनी आणि सर्वात भरवशाची कागदपत्रं संस्कृतात आहेत, आणि ती लिहिणारे पंडित सुलतानांच्याच दरबारात होते. कल्हणाची राजतरंगिणी ११५०च्या सुमारास थांबते. तिथून पुढचं सूत जोनराजाने उचललं आणि १४५९मध्ये, स्वतःच्या मृत्यूपर्यंत, आणून सोडलं. मग त्याचा शिष्य श्रीवर, त्यानंतर प्राज्यभट्ट आणि शुक. श्रीवराच्या ग्रंथाचं नाव ‘जैनराजतरंगिणी’. यातल्या ‘जैन’चा महावीरांशी काडीचाही संबंध नाही, तो झैनुल आबिदीनमधला ‘झैन’ आहे. फारसी बखरी आहेत, पण हाताशी असलेल्या बहुतेक बऱ्याच नंतरच्या. म्हणजे एका मुस्लिम राजघराण्याचा समकालीन इतिहास वाचायचा, तर अनुष्टुभात वाचावा लागतो. हे नीट लक्षात घेतलं, की काश्मीरबद्दलच्या सोप्या गोष्टी, दोन्ही बाजूंच्या, जरा अवघड व्हायला लागतात.

आधी भूगोल. काश्मीर खोरं चहूबाजूंनी डोंगरांनी वेढलेलं; आत यायचं तर खिंडी. पश्चिमेला बारामुल्लाजवळ झेलमची घळ, दक्षिणेला पीर पंजालमधल्या वाटा, ईशान्येला लडाखकडून जोजी ला. हिंदू राजांच्या काळात या खिंडींवर चौक्या असत आणि त्यांच्या अधिकाऱ्याला द्वारपती म्हणत. परक्या माणसाला सहजासहजी आत सोडत नसत, असं अल् बीरूनीही नोंदवतो. महमूद गझनवीने दोनदा, १०१५ आणि १०२१मध्ये, पीर पंजालच्या दक्षिण उतारावरच्या लोहरकोटाला धडक दिली आणि दोन्ही वेळा तो हात हलवत परत गेला. उत्तर हिंदुस्थान तुडवणारा हा माणूस काश्मीरच्या उंबरठ्यावर अडला. त्यामुळे तिथे इस्लामची सत्ता आली ती स्वारीतून आली नाही. आश्रयाला आलेल्या दोन माणसांच्या हातून ती आली.

पहिला रिंचन. लडाखमधल्या राजघराण्यातला, तिथल्या भांडणातून पळून जोजी लावरून उतरलेला, धर्माने बौद्ध. दुसरा शाह मीर, पश्चिमेकडून, बहुधा स्वातच्या बाजूने आलेला. राजा सहदेवाने शाह मीरला चाकरी दिली, आणि रिंचनला सेनापती रामचंद्राने थारा दिला. १३२०मध्ये दुलचा नावाचा सरदार मोठी फौज घेऊन खोऱ्यात घुसला. राजाने किश्तवाडकडे पळ काढला. दुलचाने आठ महिने लूट केली, माणसं गुलाम म्हणून धरली आणि हिवाळ्याच्या धास्तीने तो परत निघाला. मागे उरलं एक ओसाड, बेवारस राज्य. रिंचनने रामचंद्राच्या किल्ल्यात कापड विकणाऱ्यांच्या वेषात आपली माणसं थोडी थोडी करून घुसवली, रामचंद्राला मारलं आणि त्याचीच मुलगी कोटा राणी हिच्याशी लग्न करून तो गादीवर बसला.

जोनराज सांगतो, की रिंचनने शैव दीक्षा मागितली होती. देवस्वामी नावाच्या गुरूने तो भोट्ट, म्हणजे तिबेटी वंशाचा, आहे म्हणून नकार दिला. पुढे त्याने बुलबुल शाह या सूफीच्या हातून इस्लाम स्वीकारला आणि सद्रुद्दीन नाव घेतलं. दीक्षा नाकारली म्हणून काश्मीर मुसलमान झालं, असं या प्रसंगावरून ठोकून देणारे पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही. एका राजाच्या धर्मांतराने खोरं बदललं नाही; तो तीन वर्षांत वारला आणि त्याच्यानंतर गादीवर पुन्हा हिंदू राजाच आला, सहदेवाचा भाऊ उदयनदेव. कोटा राणीने त्याच्याशी लग्न केलं आणि कारभार स्वतःच्या हातात ठेवला. पुढच्या स्वारीच्या वेळी राजा पळाला. मागे राहून राज्य सावरलं तिनेच. पण या सगळ्या वर्षांत शाह मीर शांतपणे पाय रोवत होता. रिंचनचा मुलगा त्याच्याकडे सांभाळायला होता, सरदारांच्या घराण्यांशी त्याने सोयरिकी जोडल्या होत्या. उदयनदेव वारला तेव्हा राज्यात शाह मीरच्या तोडीचा माणूस उरला नव्हता.

शेवट अंदरकोटच्या किल्ल्यात झाला. तिथे कोटा राणीने पोटात कट्यार खुपसून घेतली, अशी कथा आज नाटका-कादंबऱ्यांतून फिरते. ती नंतरच्या लेखकांची. जोनराज त्या मानाने कोरडेपणाने सांगतो: शाह मीरने तिच्याशी लग्न केलं आणि दुसऱ्याच दिवशी तिला कैद केलं. मला ही हकिकत जास्त खरी वाटते, आणि जास्त भयंकरही. शाह मीर शम्सुद्दीन नावाने सुलतान झाला. जोनराजाने त्याला पार्थाच्या, म्हणजे अर्जुनाच्या वंशात बसवलं आहे. दरबारी कवीचं हे कामच. पण राजाला वैध ठरवायला पांडवच लागत होते, यावरून दरबाराची हवा कळते.

पुढचे सुलतान भराभर आटपता येतील. शिहाबुद्दीन (१३५४–७३) लढवय्या, खिंडींबाहेर मोहिमा काढणारा. मोहिमांनी खजिना रिता झाला, तेव्हा उदयश्री या मंत्र्याने बुद्धाची मोठी धातूची मूर्ती वितळवून नाणी पाडण्याचा सल्ला दिला. सुलतान भडकला: पूर्वजांनी कीर्तीसाठी मूर्ती घडवल्या, आणि मी त्या मोडून नाव कमवायचं? सल्ला देणारा हिंदू, नाकारणारा मुसलमान, नोंदवणारा ब्राह्मण. कुतुबुद्दीनच्या काळात इराणमधल्या हमदानचे सय्यद अली खोऱ्यात आले. काश्मिरी मुसलमानांच्या मनात त्यांचं स्थान आजही मोठं आहे. त्यांच्याबरोबर आणि मागून मध्य आशियातले सूफी, कारागीर, विद्वान येत राहिले.

मग सिकंदर (१३८९–१४१३). त्याला लोक बुतशिकन म्हणतात, आणि त्याच्या काळात देवळं पाडली गेली यात शंका घ्यायला जागा नाही. ललितादित्याचं मार्तंड मंदिर जोनराजाच्या यादीत आहे. जिझिया बसला, अनेक ब्राह्मणांनी धर्म बदलला, अनेकांनी खोरं सोडलं. याच सिकंदरने श्रीनगरची देवदारच्या खांबांची जामा मशीद बांधली; ती पुढे तीनदा आगीत जळून पुन्हा उभी राहिली. जोनराज या सगळ्याचं खापर सूहभट्टावर फोडतो. हा मंत्री जन्माने ब्राह्मण, नंतर मुसलमान होऊन सैफुद्दीन झालेला. सुलतानाला त्याने बिघडवलं, असा जोनराजाचा सूर. पण जोनराज लिहीत होता तो सिकंदरच्या मुलाच्या दरबारात बसून. धन्याच्या बापाला थेट दोषी ठरवणं त्याला कितपत परवडलं असतं? मंत्र्याच्या माथी मारणं सोयीचं होतं. दुसऱ्या बाजूने, सूहभट्टाचा जोर सिकंदरनंतर अली शाहच्या काळात आणखी वाढला हेही तोच सांगतो, तेव्हा मंत्र्याला निव्वळ बळीचा बकरा म्हणता येत नाही. माझ्या मते सुलतानाची जबाबदारी झटकता येत नाही. ज्याच्या नावाने खुतबा वाचला जातो, त्याच्याच हुकमाने पहारी चालतात.

हाच जोनराज ज्याच्या आश्रयाने लिहीत होता तो सिकंदरचा मुलगा झैनुल आबिदीन. काश्मिरी त्याला बडशाह म्हणतात, थोर राजा. १४२० ते १४७०, पुरी पन्नास वर्षं. गोष्ट सुरू होते एका गळवापासून. सुलतानाला विषारी गळू झालं, वैद्य सापडेना, कारण वैद्यकी जाणणारे पळून गेले होते किंवा गप्प बसले होते. शेवटी गारुडविद्या जाणणारा शिर्यभट्ट मिळाला. त्याने सुलतानाला बरं केलं, बक्षीस घेतलं नाही आणि आपल्या लोकांसाठी अभय मागितलं. जिझिया नाममात्र उरला, गेलेले ब्राह्मण परतू लागले, काही देवळं पुन्हा उभी राहिली. शिर्यभट्ट न्यायखात्याचा प्रमुख झाला. जोनराजाला राजतरंगिणी पुढे लिहायला सांगणारा तोच, हे ही कथा वाचताना विसरू नये. परतलेल्या पंडितांपैकी काहींनी फारसी शिकून दप्तरात नोकऱ्या धरल्या, बाकीचे पौरोहित्यात राहिले. काश्मिरी पंडितांतली कारकून आणि भाषाभट्ट ही विभागणी परंपरेने इथपर्यंत मागे नेतात.

या राजाचा खरा ध्यास पाणी. काश्मीरमध्ये नदीकाठच्या सखल जमिनीला पाणी आपसूक मिळतं. पण करेवा म्हणतात ती उंच, सपाट पठारं कोरडी राहतात. झैनुल आबिदीनने लिद्दर नदीचं पाणी कालव्याने मार्तंडच्या पठारावर चढवलं आणि पोहरूचं पाणी सोपोरजवळच्या पठारावर नेऊन तिथे झैनगीर वसवलं. बापाच्या काळात जिथलं देऊळ पडलं, तिथल्या शेतात मुलाने पाणी खेळवलं.

वुलर सरोवरात तर त्याने बेटच उभारलं. वुलर मोठं आणि लहरी. दुपारी वारा सुटला की नावा उलटतात, आणि मध्ये आसऱ्याला काही नाही. सुलतानाने दगडांनी भरलेल्या नावा एका जागी बुडवल्या, एकीवर एक. भर पाण्यावर आल्यावर त्यावर वाडा, मशीद आणि बाग केली. नाव झैना लंक. तिथे सापडलेल्या फारसी शिलालेखावर हिजरी ८४७, म्हणजे इसवी १४४३–४४ हे साल आहे. सरोवर गाळाने भरत गेलं, आणि भर पाण्यातलं ते बेट आता दलदलीच्या कडेला येऊन टेकलं आहे.

कागद बनवणं, पुस्तकं बांधणं यासाठी त्याने समरकंदकडून कसबी माणसं आणवली. तरुणपणी तो स्वतः तिथे राहून आला होता, असं फारसी बखरकार सांगतात. तोवर काश्मीर भूर्जपत्रावर लिहीत होतं. मुल्ला अहमदने महाभारत आणि राजतरंगिणी फारसीत आणली. म्हातारपणी सुलतान श्रीवराकडून योगवासिष्ठ ऐकत असे. श्रीवर गवईही होता. जामीची युसूफ-झुलेखाची कथा त्याने पुढे ‘कथाकौतुक’ नावाने संस्कृतात उतरवली. भाषांतर दोन्ही दिशांनी चाललं होतं.

म्हातारपणी ऐकायला दुसरं काय होतं? तीन मुलं, आदम खान, हाजी खान, बहराम खान, बाप जिवंत असतानाच गादीसाठी एकमेकांच्या उरावर बसली होती. बडशाह गेल्यावर घराण्याला उतरती कळा लागली ती थांबली नाही. हैदर शाह नावाने गादीवर बसलेला हाजी खान दोन वर्षांत दारूच्या नशेत पडून मेला. त्याचा नातू महंमद शाह १४८४मध्ये सातव्या वर्षी गादीवर बसला, आणि पुढच्या पन्नास वर्षांत फतह शाहशी चाललेल्या ओढाताणीत एकूण पाच वेळा बसला. खरी सत्ता बैहकी सय्यद, माग्रे आणि दर्दांच्या मुलखातून आलेले चक यांच्या हातात गेली. यातले माग्रे म्हणजे पूर्वीचे मार्गेश, वाटांचे राखणदार. तरीही याच १४८४ सालची एक मुस्लिम कबर श्रीनगरच्या बहाउद्दीन साहिब कबरस्तानात आहे, आणि तिच्यावर अरबी लिपीबरोबर शारदा लिपीत संस्कृत कोरलेलं आहे. गादी डळमळत होती, पण दगड कोरणाऱ्याला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं.

बाहेरचा माणूस आता बोलावून आणला गेला. १५४०मध्ये अब्दाल माग्रे आणि त्याच्या साथीदारांनी बाबराचा मावसभाऊ मिर्झा हैदर दुघलात याला वाट दाखवली. तो जेमतेम चारशे स्वार घेऊन आला आणि बाहुल्या सुलतानाच्या नावाने दहा वर्षं राज्य केलं. ‘तारीख-ए-रशीदी’ त्याने इथेच लिहिली. काश्मीरमधल्या कारागिरीचं श्रेय तो झैनुल आबिदीनला देतो. झैना कदलजवळ या सुलतानाच्या आईची कबर आहे. लाकडाच्या शहरात ती विटांची, वर एक मोठा आणि चार लहान घुमट, भिंतीत निळ्या चकाकत्या विटांचे तुकडे, आणि खाली जुन्या देवळाचं दगडी जोतं. शेजारच्या राजघराण्याच्या कबरस्तानात सुलतानाबरोबर हा मिर्झाही पुरलेला आहे.

१५६१मध्ये चकांनी शेवटच्या हबीब शाहला बाजूला सारलं आणि गाझी चक सुलतान झाला. चकांना पंचवीस वर्षं मिळाली. त्यांच्यातल्या यूसुफ शाहने गादी गेल्यावर अकबराकडे मदत मागितली, आणि १५८६मध्ये मुघल फौज श्रीनगरला पोहोचली. खुद्द अकबर १५८९मध्ये आला, तेव्हा त्याला राजतरंगिणी दाखवण्यात आली.

या पोथ्यांचा पुढचा प्रवास आपल्याकडचा आहे. एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवलेला गेऑर्ग ब्यूलर १८७५मध्ये मुंबई सरकारतर्फे काश्मीरला पोथ्या शोधायला गेला. त्याने आणलेली भूर्जपत्रं आणि शारदा लिपीतली हस्तलिखितं आज पुण्याच्या भांडारकर संस्थेत आहेत. जोनराज, श्रीवर आणि त्यांच्या पुढच्यांच्या राजतरंगिणी पीटर पीटरसनने १८९६मध्ये मुंबईच्या संस्कृत ग्रंथमालेत छापल्या.