पोटातल्या बाळाचे जेवण

पीक जोमदार यावे म्हणून आपण खत वेळेवर घालतो. कणीस पोचट निघाल्यावर खत घालून काय उपयोग? बाळाचेही तसेच आहे. त्याचे पोषण आईच्या पोटातच सुरू होते.

आपल्याच अहिल्यानगर जिल्ह्यातली गोष्ट सांगतो. जामखेडला १९७० साली डॉक्टर रजनीकांत आरोळे व त्यांच्या पत्नी डॉक्टर मेबल यांनी आरोग्याचे काम सुरू केले. तेव्हा खेड्यांत एक समज होता. "पोटुशी बाईनं जास्त खाल्लं, तर पोर मोठं होतं नि बाई अडते." म्हणून बाया पोट मारून राहत. १९७१ साली तिकडे हजारांतली १७६ बाळे वर्षाची होण्याआधीच दगावत.

मग गावोगावच्या बाया जामखेडला शिकायला येऊ लागल्या. कित्येकींना अक्षरओळख नव्हती. पण त्यांनी घरोघरी जाऊन सासवा-सुनांना पटवले. पुरेसे खाणे, लस, स्वच्छ पाणी, नीट बाळंतपण, या साऱ्यांमुळे १९९६ साली तो आकडा २६ वर आला.

पोट मारल्याने बाळंतपण सोपे होत नाही. उलट अशक्त बाईला रक्तस्राव झाला, तर जिवावर बेतते. अडीच किलोहून कमी वजनाचे मूल वरचेवर आजारी पडते. त्याची वाढही खुंटते.

मग खावे काय? पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉक्टरांनी १९९३ पासून पुणे जिल्ह्यातल्या सहा गावांत पाहणी केली. ज्या आया पालेभाजी, फळे व दूध जास्त वेळा घेत, त्यांची बाळे वजनाने चांगली होती. तेव्हा भाकरीबरोबर मेथी, शेवग्याचा पाला, मटकी, शेंगदाणे असू द्या. जमेल तसे दूध, पेरू, अंडे घ्या.

आता गोळ्यांविषयी. पोटुशेपणी रक्त जास्त लागते. ते नुसत्या जेवणाने भरून येत नाही. पहिले तीन महिने फॉलिक ॲसिडची गोळी घ्यावी. तिने बाळाचा मेंदू व मणका नीट घडतो. चौथ्या महिन्यापासून लोहाची लाल गोळी रोज एक, निदान १८० दिवस घ्यावी. लोह कमी पडले, तर मूल दिवस भरण्याआधी जन्मण्याची भीती असते.

लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नये. लिंबू-पाण्याबरोबर घ्यावी. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी घ्यावी. शौचाला काळे होते, त्याला भिऊ नका. मळमळले तर जेवणानंतर घ्या, पण सोडू नका. नर्सबाईंना विचारा. सरकारी उपकेंद्रात या गोळ्या फुकट मिळतात.

शेवटी घरच्यांना सांगणे. पुष्कळ घरांत सून सर्वांच्या मागून जेवते, उरलेसुरले खाते. ती दोन जिवांची आहे. सासूबाईंनी तिला आधी वाढावे. नवऱ्याने रोज विचारावे, "गोळी घेतलीस का?" एवढे केले, तरी बाळाचे निम्मे काम झाले.