शोध लागला, पुढे काय?

ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेसाठी काही लिहावे, अशी चिटणीस साहेबांनी आज्ञा केली. मी पेशाने शिक्षक; व्यापारधंद्याचा मला स्वतःचा अनुभव नाही. तथापि गेली काही वर्षे जो प्रश्न माझ्या मनात घोळत आहे तो धंद्याचाच आहे, आणि त्याचा आपल्या मुलांशी निकटचा संबंध आहे. म्हणून तोच सभासद बंधुभगिनींपुढे ठेवतो.

काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गातील एका मुलाने शाळेच्या विज्ञान-प्रदर्शनासाठी विजेचा एक तवा तयार केला. त्याची आई लाड बाजारातील दुकानांसाठी घरी लाखेच्या बांगड्या करीत असे. कोळशाच्या शेगडीवर लाख मऊ करताना धूर डोळ्यांत जातो, आच कमीजास्त होते आणि जरा लक्ष चुकले की लाख जळते. मुलाने तव्याखाली विजेची तार बसवली आणि इस्त्रीला असते तशी आच आवरण्याची कळ लावली. त्याला पहिले बक्षीस मिळाले. आम्ही टाळ्या वाजवल्या, फोटो फलकावर लावला. चार महिन्यांनी तव्याची तार जळाली. नवी बसवायला पैसे नव्हते आणि सांगायला कोणी नव्हते. मुलगा एका दुकानात हिशेब लिहू लागला. तवा माळ्यावर गेला आणि आई पुन्हा शेगडीपुढे बसली.

दोष कोणाचा? मुलाचा खचित नव्हे. शोध लावणे हे एक काम आणि त्या शोधाचा धंदा उभा करणे हे दुसरे काम, हा भेद आम्ही त्याला कधी शिकवलाच नाही. पहिल्या कामाला बुद्धी लागते. दुसऱ्याला बुद्धीबरोबर जागा, भांडवल, गिऱ्हाइकांचा विश्वास आणि धीर लागतो. हे दुसरे काम कसे चालते, ते दोन उदाहरणांवरून पाहू.

पहिले उदाहरण मराठी वाचकाच्या घरचेच आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर (जन्म १८६९) हेही काही काळ मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेत शिक्षक होते. पुढे बेळगावी सायकलींचे दुकान चालवता चालवता त्यांनी कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर तयार केला. नांगर चांगला होता. परंतु लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. त्यामुळे सुरुवातीला माल पडून राहिला. नांगर सुधारण्याइतकेच ती समजूत दूर करणे हेही कारखानदाराचे काम ठरले. बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा औंधच्या राजेसाहेबांनी आपल्या संस्थानात जमीन देऊ केली आणि भांडवलालाही हात दिला. १९१० साली त्या ओसाड माळावर किर्लोस्करवाडी वसली. राजेसाहेबांचा तो हात नसता तर नांगराचे काय झाले असते, याचा विचार वाचकांनी करावा.

दुसरे उदाहरण आपल्या हैदराबादचे आहे. कावीळ-बी हा यकृताचा रोग रक्तावाटे आणि प्रसूतीच्या वेळी आईकडून मुलाला होतो. त्याची लस जगात निघाली होती. परंतु आपल्या देशात ती परदेशातून येई आणि एका डोसाला शेकडो रुपये पडत. एका मुलाला तीन डोस द्यायचे, म्हणजे गरिबाला ती असून नसल्यासारखीच. श्री. वरप्रसाद रेड्डी हे मूळचे इलेक्ट्रॉनिक्सचे इंजिनियर. ते डॉक्टरही नव्हते आणि जीवशास्त्रज्ञही नव्हते. एका परदेशी कंपनीकडे ते ही विद्या विकत मागायला गेले, तेव्हा भारतीयांना ती झेपणार नाही अशा अर्थाचे उत्तर मिळाले, असे त्यांनी पुढे अनेकदा सांगितले आहे. १९९३ साली त्यांनी आईच्या नावाने ‘शांता बायोटेक्निक्स’ ही कंपनी काढली.

ही लस कशी तयार होते, ते थोडक्यात सांगतो. रोगाच्या विषाणूच्या अंगावर एक विशिष्ट प्रथिन असते. ते प्रथिन बनवण्याची आज्ञा ज्या जनुकात असते तेवढे जनुक घेऊन यीस्टच्या पेशीत बसवतात. यीस्ट म्हणजे पाव फुगवणाऱ्या किण्वाच्या जातीचा सूक्ष्म जीव. तो वाढताना ते प्रथिन तयार करतो. मग ते वेगळे करून शुद्ध करतात. लशीत रोगाचा विषाणू नसतोच, फक्त त्याची ओळख असते. ही ओळख पटली की शरीर आधीच सावध राहते.

तत्त्व असे सोपे. अडचण पुढेच आहे. काचेच्या चंबूत चमचाभर द्रव तयार होणे वेगळे आणि मोठ्या टाकीत प्रत्येक वेळी तंतोतंत तसाच, तितकाच शुद्ध माल निघणे वेगळे. घरी चार माणसांची बिर्याणी उत्तम करणाऱ्या गृहिणीला लग्नाच्या हजार पानांची देग सांगितली तर काय होईल? प्रयोगशाळेतून कारखान्यात जाताना बहुतेक शोध याच पायरीवर अडतात. शांताचे संशोधन प्रथम उस्मानिया विद्यापीठात आणि नंतर सी.सी.एम.बी. या सरकारी संशोधनसंस्थेच्या आवारात चालले. म्हणजे स्वतःची इमारत नसताना दुसऱ्याच्या छपराखाली काम शिकून घेता आले. पैसा मित्र आणि आप्तेष्टांकडून उभा राहिला. पुढे ओमानचे परराष्ट्रमंत्री युसूफ बिन अलावी यांनी भांडवल घातले, आणि केंद्र सरकारच्या तंत्रज्ञान विकास मंडळानेही साहाय्य केले. ऑगस्ट १९९७ मध्ये लस बाजारात आली, तीही सुमारे पन्नास रुपये डोस या दराने. चढाओढीने किमती आणखी उतरल्या. युनिसेफमार्फत ही लस इतर देशांतील मुलांनाही मिळू लागली. २०११ पर्यंत कावीळ-बीची लस देशभरच्या सरकारी लसीकरणात आली. २००९ साली सानोफी या फ्रेंच कंपनीने शांता विकत घेतली, हेही नमूद केले पाहिजे. धंद्याची मालकी बदलते. परंतु एकदा उतरलेली किंमत आणि या शहरात रुजलेली विद्या राहते.

या दोन्ही कथांत एक गोष्ट समान आहे. नांगराला आणि लशीला जो पैसा मिळाला, तो पुढच्या महिन्याला हप्ता मागणारा नव्हता. सावकाराचे कर्ज नव्या कल्पनेला मारक ठरते, कारण कल्पना फळायला किती वर्षे लागतील हे कोणालाच ठाऊक नसते आणि व्याज मात्र पहिल्या दिवसापासून चढते. अशा कामाला भागीदारीचा पैसा हवा. शेतकऱ्याला बटाई माहीत आहे: पीक आले तर वाटा, बुडाले तर मालकाचाही वाटा बुडतो. आम्हा मुसलमानांच्या व्यापारी परंपरेत यालाच मुदारबा म्हणतात. एकाने भांडवल द्यायचे, दुसऱ्याने मेहनत. नफा ठरल्याप्रमाणे वाटायचा, आणि कष्ट करणाऱ्याची कसूर नसताना तोटा आला तर पैशाची झळ भांडवलवाल्याने सोसायची, कष्टकऱ्याचे श्रम बुडतात तेवढे पुरे. आज इंग्रजी नावाने मोठमोठ्या शहरांत जे भांडवल फिरते, त्याचे मूळ तत्त्व याहून फार वेगळे नाही.

आणखी एक सूचना पालकांसाठी. नव्या वस्तूच्या संरक्षणाला पेटंट असते. आपल्या देशात ते अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षे टिकते. परंतु वस्तू चारचौघांत उघड केल्यानंतर अर्ज केला तर ती नवी राहिली नाही, या कारणाने तो सहसा नाकारला जातो. म्हणून मुलाच्या हातून खरोखर नवे काही झाले असेल तर प्रदर्शनात मांडण्यापूर्वी निदान तात्पुरता अर्ज करावा. मग पूर्ण अर्जाला बारा महिन्यांची मुदत मिळते. नमुना बनवायला यंत्रे हवी असतील तर आपल्या शहरात २०२३ साली टी-वर्क्स ही सार्वजनिक कार्यशाळा सुरू झाली आहे. नव्या धंद्यांना मार्गदर्शन करणारे टी-हब २०१५ पासून आहे. ही दारे केवळ मोठ्या महाविद्यालयांच्या मुलांसाठी आहेत, असा आपल्या वस्त्यांतून गैरसमज आहे. तो दूर व्हावा.

आता ट्रस्टविषयी. पन्नास वर्षांत आपण असंख्य मुलांना वह्या, पुस्तके, फी आणि शिष्यवृत्त्या दिल्या. माझे काही विद्यार्थी त्यावरच शिकले, हे मी कृतज्ञतेने सांगतो. परंतु आपले सर्व साहाय्य गुणपत्रिका पाहून दिले जाते. ज्याच्या हातात कसब आहे पण टक्के कमी आहेत, त्याच्यासाठी आपल्याकडे काहीच नाही. दानधर्माचा पैसा गरजूंच्या हक्काचा आहे, त्याला हात लावू नये. त्यासाठी सभासदांनी वेगळी वर्गणी काढून एक लहानसा निधी उभारावा. वर्षाला दोन किंवा तीन मुले निवडावीत. त्यांना केवळ रक्कम न देता एक कारागीर, एक हिशेब जाणणारा आणि एक दुकानदार अशी तीन वडीलधारी माणसे दोन वर्षे सोबत द्यावीत. पहिल्याने वस्तू टिकाऊ करायला शिकवावे, दुसऱ्याने तिची खरी किंमत काढायला आणि तिसऱ्याने गिऱ्हाइकाचे म्हणणे ऐकायला. निम्म्याहून अधिक प्रयत्न फसतील, हे आधीच मान्य करून चालावे. फसलेल्या मुलाला कोणी नावे ठेवू नयेत.

परवा त्या बांगड्यावाल्या बाईंच्या घरी गेलो होतो. मुलाचा तवा अजून माळ्यावर आहे. मी विचारले, “तार बदलून दिली तर वापराल का?” त्या म्हणाल्या, “मास्तरसाहेब, एक माझ्यासाठी आणि एक शेजारणीसाठी करायला सांगा. तिलाही धुराचा त्रास होतो.”

पहिले गिऱ्हाईक म्हणतात ते हेच. ते आले आहे. आता पुढचे काम आपणा सर्वांचे आहे.