'जाऊन काय होणार?' : मनोविकार, एकटेपण आणि मोबाइल

माझ्या मोठ्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. त्याचे भास औषधांनी पंधरा वर्षांपूर्वीच आटोक्यात आले. पण कुणाकडे जाणं, कुणाला फोन करणं, चार माणसांत बसणं जे थांबलं ते थांबलंच. ''दादा, जरा कट्ट्यावर जाऊन ये ना,'' म्हटलं की त्याचं उत्तर ठरलेलं : ''जाऊन काय होणार?'' कित्येक वर्षं मी याला आळस समजत होते. हे वाक्य आजाराचाच भाग आहे, हे फार उशिरा कळलं.

भास आणि भ्रम या आजाराची ठळक लक्षणं. ती दिसतात, म्हणून त्यांवर उपचार होतात. उमेद मावळणं, बोलणं आटणं, माणसांपासून दूर जाणं ही लक्षणं मात्र गाजावाजा न करता येतात, आणि आजच्या औषधांचा त्यांवर फारसा प्रभाव पडत नाही. संशोधकांना इथे एक विलक्षण गोष्ट आढळली. प्रत्यक्ष गप्पा मारताना किंवा आवडीचं खाताना या रुग्णांना होणारा आनंद इतरांपेक्षा फार कमी नसतो. कमी पडते ती त्या आनंदाची आगाऊ चाहूल. भेट झाली तर बरं वाटतं. पण बरं वाटेल असं आधी वाटतच नाही, म्हणून भेट होत नाही.

ही गाठ महिन्यातून एकदा दवाखान्यात सुटणं अवघड. ''महिना कसा गेला?'' या प्रश्नाला उत्तर येतं, ''ठीक.'' निर्णयाचा क्षण असतो मंगळवारी संध्याकाळी साडेपाचचा, दाराशी चपला घालण्याआधीचा. त्या क्षणी डॉक्टर जवळ नसतात; खिशात फोन असतो. मोबाइलचा उपयोग इथे सुरू होतो.

कॅलिफोर्नियातील सॅन दिएगो इथे एरिक ग्रॅनहोम आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग साध्या एसएमएसवर चालला. ५५ जणांना १२ आठवडे संदेश जात. माणसांत मिसळण्याबद्दल काय वाटतं, असं विचारायचं आणि आलेल्या उत्तरातल्या निराश समजुतीला छोटासा उलटा प्रश्न करायचा, अशी ही पद्धत. लोकांशी होणाऱ्या संवादाचं प्रमाण वाढलं. मात्र तुलनेसाठी दुसरा गट नव्हता; आणि प्रयोग अर्ध्यात सोडणाऱ्यांमध्ये उमेद हरवलेल्यांचाच भरणा अधिक होता. ज्यांना गरज जास्त, तेच आधी निसटले.

मेलबर्नच्या 'होरायझन्स' प्रयोगाची वाट वेगळी होती. मनोविकाराचा पहिला झटका येऊन गेलेल्या तरुणांसाठी ऑनलाइन, पण बंदिस्त असं एक व्यासपीठ उभारलं. तिथे समवयस्क आणि मानसोपचारतज्ज्ञ दोघंही हजर असत. १७० जणांच्या, १८ महिन्यांच्या चाचणीचे निष्कर्ष २०२१ साली आले. सामाजिक वावराच्या मुख्य मोजमापात नेहमीच्या उपचारांहून लक्षणीय फरक पडला नाही. पण शिक्षणाकडे किंवा नोकरीकडे वळण्याची शक्यता वाढली, तातडीच्या उपचारांची वेळ कमी आली. यश आणि मर्यादा दोन्ही लक्षात ठेवाव्यात असा हा निकाल.

आपल्याकडे १० ऑक्टोबर २०२२ पासून टेली-मानसची १४४१६ ही मोफत हेल्पलाइन आहे. मदत मागणाऱ्याला ती मोलाची आहे. पण दादाची अडचण मागण्याचीच आहे. त्याच्यासाठी फोन दुसऱ्या बाजूने वाजावा लागतो.

म्हणून आम्ही घरगुती उपाय केला. आमच्या स्वमदत गटातला एक शुभार्थी, म्हणजे याच आजारातून वाट काढणारा, दर मंगळवारी पाच वाजता दादाला निरोप पाठवतो : ''येतोस? किती मजा येईल, दहापैकी सांग.'' परतल्यावर पुन्हा विचारतो : ''किती आली?'' पहिल्या वेळी दादाने जाण्याआधी 'एक' लिहिलं होतं, आल्यावर 'पाच'. दोन्ही आकडे एकाखाली एक, त्याच्याच हातचे. माझ्या उपदेशाला जे जमलं नाही, ते त्या आकड्यांना थोडंफार जमलं.

पथ्यंही आहेत. फोनवरून आपल्यावर पाळत आहे, असा भ्रम असणाऱ्याच्या हाती असं साधन देण्याआधी डॉक्टरांशी बोलायला हवं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. त्याचे संदेश घरच्यांनी चोरून वाचणं काळजीपोटी असलं तरी गैरच. मीही एकदा वाचले होते. दादाने आठवडाभर फोन बंद ठेवला.

आता मी विचारत नाही. मंगळवारी पाचला फोन वाजतो, मी स्वयंपाकघरात थांबते. कधी काहीच होत नाही. कधी चपलांचा आवाज येतो.