आर्पियेरा : चिंध्यांतून उभे राहिलेले स्मारक

स्मारक म्हटले की शिला, स्तंभ अथवा पुतळा डोळ्यांसमोर येतो. अशा स्मारकास जागा लागते, राज्यकर्त्यांची अनुज्ञा लागते आणि ज्याचे स्मारक करावयाचे त्याचा मृत्यू निश्चित ठाऊक असावा लागतो. या तिन्ही गोष्टींचा अभाव असता चिली देशातील स्त्रियांनी ‘आर्पियेरा’ या वस्त्रचित्रांतून स्मारक कसे घडविले, याचा येथे विचार करावयाचा आहे.

११ सप्टेंबर १९७३ रोजी चिलीत लष्कराने सत्ता बळकावली. १९९० पर्यंत चाललेल्या जनरल पिनोचे यांच्या राजवटीत तीन हजारांहून अधिक माणसे मारली गेली वा नाहीशी झाली. अटकेनंतर नाहीशा झालेल्यांची संख्याच एक हजाराहून अधिक भरते. त्यांच्या माता, पत्नी व भगिनी सांतियागो शहरात चर्चच्या आश्रयाने चालणाऱ्या कार्यशाळांत एकत्र येऊन शिवू लागल्या. १९७६ मध्ये कार्डिनल राउल सिल्वा एन्रिकेस यांनी स्थापिलेल्या ‘विकारिया दे ला सोलिदारिदाद’ या संस्थेने त्यांस आधार दिला व ही चित्रे परदेशी विकण्याची व्यवस्था केली.

‘आर्पियेरा’ या शब्दाचा अर्थ गोणपाट. त्यावर रंगीत चिंध्या शिवून आंदीज पर्वत, घरे, तुरुंग व माणसे दाखविली जात. काही स्त्रियांनी नाहीशा झालेल्या आप्ताच्या कपड्यांचेच तुकडे वापरले. आपल्या गोधडीतही घरच्या माणसांची जुनी वस्त्रे असतात. परंतु येथे देहच हाती न लागल्यामुळे वस्त्र हाच त्याचा अवशेष ठरला. ‘ते कोठे आहेत?’ हा प्रश्न अनेक चित्रांत आढळतो.

विक्रीमुळे या स्मृतीचे क्रय्य वस्तूत रूपांतर झाले, असा आक्षेप घेता येईल. तथापि कर्ता पुरुष गेल्यामुळे अनेक घरांना या उत्पन्नाचीच गरज होती. शिवाय वृत्तपत्रांवर निर्बंध असताना विक्रीमुळेच ही साक्ष देशाबाहेर पोहोचली. म्हणजे येथे उपजीविका आणि साक्ष या गोष्टी परस्परविरोधी नव्हत्या.

अभ्यासकापुढील खरी अडचण निराळी आहे. भयापोटी बहुतेक चित्रांवर नाव घातले जात नसे, आणि विषयांची चर्चाही कार्यशाळेत सर्वांनी मिळून होई. म्हणून आर्पियेरा ही एका व्यक्तीची कैफियत न मानता समूहाची साक्ष म्हणून वाचणे युक्त होय. सांतियागोच्या २०१० साली उघडलेल्या स्मृती व मानवाधिकार संग्रहालयात आज ही चित्रे जतन केलेली आहेत. ज्या हातांनी ती शिवली त्यांपैकी अनेकींची नावे मात्र त्यांवर नाहीत, याचे भान अभ्यासकाने ठेविले पाहिजे.