फिरता रोलर कोस्टर : रचनेचा इतिहास आणि आपल्या जत्रेतील पाळणे

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याला यात्रा-जत्रांची उणीव नाही. पाथर्डी तालुक्यात होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत मढीची कानिफनाथांची यात्रा भरते, नवरात्रात मोहटादेवीच्या गडावर गर्दी लोटते आणि चैत्र-वैशाखात गावोगावच्या जत्रा सुरू होतात. श्रद्धेचा भाग ज्याचा त्याच्याकडे. मुलांच्या लेखी जत्रा म्हणजे आकाशपाळणा, ड्रॅगन ट्रेन, ब्रेक डान्स आणि मौत का कुआँ. सुट्टीहून वसतिगृहात परतलेल्या मुलांच्या गप्पांत पहिला आठवडा याच गोष्टी असतात. अशाच गप्पांत सहावीतील एका विद्यार्थ्याने आम्हांस विचारले, "सर, पाळणा दर जत्रेला मोडून नव्याने उभा करतात. मग तो नीट उभा राहिला, हे कोण ठरवतं?" त्या वेळी आम्हांस समाधानकारक उत्तर देता आले नाही. ते शोधता शोधता आम्ही रोलर कोस्टरच्या इतिहासापर्यंत पोहोचलो.

रोलर कोस्टरचे मूळ रशियातील बर्फाच्या घसरगुंड्यांत आहे. सेंट पीटर्सबर्गच्या परिसरात लाकडी सांगाडे उभारून त्यांच्या उतारावर बर्फ गोठवीत आणि लोक त्यावरून घसरत. १८१७ मध्ये पॅरिस येथे उतारावरून चाकांच्या गाड्या सोडण्यात आल्या. १८८४ मध्ये लामार्कस थॉम्प्सन यांनी न्यूयॉर्कजवळील कोनी आयलंड येथे लाकडी चढउतारांचा मार्ग लोकांसाठी खुला केला आणि तेथून हा खेळ व्यवसाय बनला.

याचे तत्त्व आपल्या सातवी-आठवीच्या विज्ञानातील आहे. साखळीने गाडी पहिल्या, सर्वांत उंच टेकडीवर ओढून नेली जाते. उंचीमुळे तिला स्थितिज ऊर्जा मिळते. उतरताना तिचे गतिज ऊर्जेत रूपांतर होते. पुढे इंजिन नसते. घर्षण आणि हवेचा विरोध थोडी थोडी ऊर्जा खात जातात, म्हणून साधारणपणे पुढची प्रत्येक टेकडी आधीच्यापेक्षा बुटकी ठेवतात. गाडी रुळावरून उडू नये यासाठी तिला तीन प्रकारची चाके असतात : वजन पेलणारी वरची, वळणावर धरणारी बाजूची आणि रुळाखालून पकडणारी. या खालच्या चाकाचे पेटंट जॉन मिलर यांना १९१९ मध्ये मिळाले.

तथापि हे सारे मार्ग लाकडी होते आणि एकाच जागी उभे राहत. जर्मनीतील जत्रा मात्र दोन-तीन आठवड्यांच्या. नंतर साऱ्या खेळवाल्यांनी पुढच्या गावी जायचे. ट्रकमधून नेता येईल असा रोलर कोस्टर कसा बनवावा, या प्रश्नाचे सर्वांत यशस्वी उत्तर बव्हेरियातील म्युन्स्टरहाउझेन या लहान गावातील अँटोन श्वार्ट्सकोफ (१९२४–२००१) यांनी दिले. ते मुळात खेळवाल्यांसाठी फिरत्या गाड्या बांधणारे. वाहतुकीत वस्तू कशी बसते, कुठे वाकते, कुठे सैल होते, हे त्यांना ठाऊक होते. १९५७ मध्ये त्यांनी आपला पहिला पोलादी कोस्टर बांधला.

या रचनेत तीन गोष्टी महत्त्वाच्या होत्या. पहिली, लाकडाऐवजी गोल पोलादी नळ्यांचे रूळ. ते कारखान्यातच अचूक वाकवलेले असत. जागेवर सुतारकाम उरत नसे. दुसरी, रुळांचे व खांबांचे सुटे भाग पिना आणि बोल्टांनी जोडणे; त्यामुळे तोच भाग त्याच जागी शंभर वेळा बसू शके. तिसरी, पायासाठी खड्डा न खणता जमिनीवर पोलादी चौकट टाकून, तिच्याखाली लाकडी फळ्या सरकवून ती समपातळीत आणणे. आपल्या जत्रेतील पाळण्याखाली फळ्या दिसतात त्या याच कारणाने. त्या योग्य प्रकारे रचल्या असतील तर तो दोष नव्हे, पद्धत होय.

श्वार्ट्सकोफ यांच्या कल्पनांना गणिताचे बळ दिले वेर्नर श्टेंगेल या अभियंत्याने. गाडीला उलटे फिरवणारे कडे १८९५ मध्येच कोनी आयलंडला उभारले गेले होते. पण ते पूर्ण वर्तुळाकार असल्याने आत शिरताना मानेला जबर हिसका बसे. श्टेंगेल यांनी अश्रूच्या थेंबासारखे कडे आखले. त्यात वळण हळूहळू तीव्र होते, जसे रेल्वेमार्ग सरळ रुळावरून वळणावर नेताना करतात. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियात असे कडे यशस्वी झाले. पुढे १९८९ मध्ये म्युनिकच्या ऑक्टोबर जत्रेत याच जोडीचा 'ऑलिंपिया लूपिंग' उभा राहिला : पाच कडी, ३२.५ मीटर उंची, १,२५० मीटर लांबीचा मार्ग. एवढा डोलारा दर मुक्कामी उतरवून पुन्हा बांधला जातो.

आता त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे वळू. जर्मन कायद्यात अशा खेळण्यांना असलेल्या नावाचा शब्दशः अर्थ 'उडती बांधकामे' असा होतो. प्रत्येक खेळण्यासोबत एक नोंदवही प्रवास करते. तीत आराखडे, भागांची माहिती आणि तपासण्यांच्या नोंदी असतात. नव्या गावी खेळणे उभे राहिले की ती वही दाखवावी लागते.

आपल्याकडे मोठे रोलर कोस्टर कायमच्या उद्यानांत आले : मुंबईत गोराईचे एस्सेल वर्ल्ड १९८९ मध्ये, खोपोलीजवळील इमॅजिका २०१३ मध्ये. जत्रेत येते ती ड्रॅगन ट्रेन. ती उंचीवरून सुटत नाही, विजेच्या मोटारीवर फिरते. पण सुटे रूळ, पिना, जमिनीवरची चौकट ही सारी तीच घराणी. आपल्याकडेही प्रशासनाची परवानगी आणि तपासणी लागते; भारतीय मानक ब्युरोने सुरक्षेची मानके प्रसिद्ध केली आहेत. परंतु जत्रा चार दिवसांची, गर्दी पहिल्याच संध्याकाळी, आणि आपली काळी जमीन एका अवकाळी सरीने मऊ होणारी. आज समपातळीत असलेली चौकट उद्या तशीच असेल, असे नाही.

काही वर्षांपूर्वी मुलांना घेऊन आम्ही एका जत्रेत गेलो असता रात्रीच्या पावसानंतर पाळण्याच्या एका पायाखाली फुटक्या विटा खुपसलेल्या दिसल्या. चालकास विचारले तर तो म्हणाला, "रोजचंच आहे, गुरुजी." आम्ही मुलांना उतरवले. मुले रुसली, पण त्या निर्णयाचा आम्हांस आजही पश्चात्ताप नाही.

पालकांनी इतके अवश्य पाहावे : पायाखालच्या फळ्या घट्ट आहेत का, पिनांना सुटू न देणारी खिळी आहे का, मांडीवरचा दांडा प्रत्येकाचा तपासला जातो का, खेळणे सुरू असताना आत कोणी शिरू नये म्हणून कठडा आहे का, आणि परवानगीचा कागद दाखवतात का. विचारण्यात संकोच नको.

तेव्हा त्या विद्यार्थ्यास आमचे उत्तर असे : पाळणा नीट उभा आहे हे आराखडा करणारा ठरवतो, तपासणारा ठरवतो, पण सर्वांत शेवटी ते ठरवतो पहाटे पाना घेऊन बोल्ट आवळणारा मजूर. तो बहुधा आपल्यासारख्याच एखाद्या वस्तीवरचा, रोजंदारीवर आलेला तरुण असतो. त्याच्या हाती वही दिली जाते की नाही, आणि दिली तर त्याला ती वाचता येते की नाही, यावर वर बसलेल्या मुलांचे प्राण अवलंबून असतात. आयटीआय करून फिटर झालेले आमचे माजी विद्यार्थी स्मरणिका वाचतील तेव्हा हे त्यांना अधिक सांगावे लागणार नाही.