हशाविना 'मॅश'

कोरियन युद्ध १९५० ते १९५३, तीन वर्षं चाललं. त्यावरची 'मॅश' ही अमेरिकी विनोदी मालिका मात्र १९७२ ते १९८३, अकरा वर्षं! आघाडीजवळच्या लष्करी रुग्णालयातले डॉक्टर जखमींना टाके घालताघालता थट्टा करतात. लेखक लॅरी गेलबार्ट यांना त्यावर ध्वनिमुद्रित हशा नकोच होता. सीबीएस वाहिनी हटून बसली. शेवटी तडजोड झाली : निदान शस्त्रक्रियेच्या प्रसंगात हशा नाही. डीव्हीडीवर तो सगळाच बंद करता येतो. मी केला, आणि हॉकआय हा डॉक्टर वेगळाच दिसू लागला. त्याच्या कोटीनंतर नुसती शांतता. पूर्वी गमत्या वाटणारा हा माणूस खरं तर कोलमडू नये म्हणून बडबडतोय. तुम्हीही एकच भाग दोन्ही प्रकारे लावून पाहा, आधी हशासकट.